पहिला ऑस्कर पंधरा मिनिटांत उरकला म्हणून तो स्वच्छ होता?

रीळवाला, कोथरूड
काल इथे एकाने टाकलंय, "१९२९ चा पहिला ऑस्कर बघा, पंधरा मिनिटांत बक्षिसं वाटून मोकळे, ना नाच ना सेटिंग, आपल्या सोहळ्यांनी शिका जरा." वाचून डोकंच फिरलं. १६ मे १९२९, हॉलिवूड रूझवेल्ट हॉटेल, पाच डॉलर तिकीट, अडीचशे-पावणेतीनशे माणसं, सगळं बरोबर. पण लवकर आटपलं कारण निकाल फेब्रुवारीतच जाहीर झालेले! सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेला एमिल यानिंग्ज तर आधीच ट्रॉफी घेऊन जर्मनीला गेलेला. आणि ऑस्कर देणारी अकादमी काढली कोणी? एमजीएम स्टुडिओच्या लुई बी. मेयरच्या पुढाकाराने, १९२७ मध्ये, स्टुडिओतल्या लोकांनी युनियनच्या नादी लागू नये म्हणून. बक्षिसं नंतर सुचली, आणि शेवटचा शब्द पाच जणांच्या मंडळाचा. ज्या 'जॅझ सिंगर' या बोलपटाने अख्खा धंदा उलटापालटा केला त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीतच घेतलं नाही, तो काढणाऱ्या वॉर्नर स्टुडिओच्या हातात वेगळं मानाचं बक्षीस ठेवलं. याला स्वच्छ म्हणायचं?

शनिवारपेठकर
इतिहास छान सांगितलात, पण मूळ पोस्ट वेळेबद्दल होती आणि ते तुम्ही सोयीने सोडलंत. मागे एका मराठी सोहळ्याचे पास मिळाले म्हणून आईला घेऊन गेलो, साडेसहाचा कार्यक्रम पावणेनऊला सुरू, मग नाच, मग स्किट, परत नाच, बक्षिसं अधूनमधून चवीपुरती. आईला बाहेर पडायला रिक्षा मिळेना. निकाल आधी जाहीर करून पंधरा मिनिटांत उरका, माझा शंभर टक्के पाठिंबा.

सुईदोरा
उरकण्याचं कौतुक करू नका हो. आमची बक्षिसं उरकतातच. मी वेशभूषेत सहायक आहे. आमच्या मॅडमना पुरस्कार होता तेव्हा दुपारी चारला बोलावलं, लाइटवाले अजून शिडीवर, पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांची प्लॅस्टिकची कव्हरं निघालेली नाहीत, स्टेजवर कोणीतरी चॅनलचा माणूस, त्याने ट्रॉफी हातात दिली, फोटो काढला, पुढचा या. संध्याकाळी त्याच स्टेजवर बारा मिनिटांचा डान्स. टीव्हीवर मॅडम दिसल्या न दिसल्या तोवर जाहिरात. त्या पहिल्या ऑस्करला निदान मूकपटात पडद्यावर येणाऱ्या संवादांच्या पाट्या लिहिणाऱ्यालाही बक्षीस होतं.

रीळवाला, कोथरूड
पाट्यांचं होतं, पण वेशभूषेचं नव्हतं ताई. ते १९४८ च्या चित्रपटांपासून सुरू झालं. संकलनाचंसुद्धा १९३४ पर्यंत नव्हतं, आणि मी एडिटर आहे म्हणून हे मला जास्त लागतं. म्हणून तर म्हणतोय, जुनं ते सोनं करू नका.

जुनी_गाणी_पुणे
ऑस्कर कशाला, आपलं फिल्मफेअर घ्या. २१ मार्च १९५४, मुंबईचं मेट्रो, एकूण पाच बक्षिसं. 'बैजू बावरा'साठी नौशादना मिळालं, गाणाऱ्यांना काही नाही! १९५७ ला 'रसिक बलमा'च्या संगीताला बक्षीस आणि लताबाईंना म्हणे सोहळ्यात येऊन गा. त्यांनी साफ नकार दिला, गायकाला बक्षीस नाही तर मी गाणार नाही. मग १९५९ ला पार्श्वगायनाचं बक्षीस आलं, ते त्यांनाच, 'आजा रे परदेसी'. तेही बाई-पुरुष मिळून एकच, कित्येक वर्षं. अडून बसल्याशिवाय कोणी काही देत नाही.

सुईदोरा
लताबाई अडल्या म्हणून झालं. मी अडले तर दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी सेटवर. हे सल्ले घरी बसून देणं सोपंय.

जुनी_गाणी_पुणे
मी सल्ला दिला नाही, घडलेलं सांगितलं. उगाच अंगावर येऊ नका.

शनिवारपेठकर
आणि मराठीचं काय? त्याच १९५४ मध्ये ऑक्टोबरात दिल्लीला पहिले राष्ट्रीय पुरस्कार झाले, पहिलं सुवर्णपदक अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. फिल्मफेअरने डोक्यावर घेतलेल्या 'दो बिघा जमीन'ला तिथे प्रशस्तिपत्र. अख्ख्या धाग्यात कोणाला आठवलं नाही, सगळे हॉलिवूडच्या हॉटेलात जाऊन बसलेत. तेही पुण्यात, जिथे प्रभातच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे!

रीळवाला, कोथरूड
आठवण करून दिलीत ते बरं केलंत, पण त्याचा पंधरा मिनिटांशी संबंध काय?

शनिवारपेठकर
संबंध असा की तिथे नाच नव्हता, पदक होतं, आणि ते आजही लक्षात आहे.

सुईदोरा
मराठीचा अभिमान आहे तर भानू अथय्यांचं नाव घ्या ना. कोल्हापूरच्या बाई, १९८३ ला 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर, भारतातलं पहिलं. शेवटी २०१२ ला त्यांनी ती ट्रॉफी परत अकादमीकडेच सांभाळायला दिली, कारण आपल्याकडे ती नीट राहील याची खात्री वाटत नव्हती. आणि त्यांच्याच धंद्यातल्या बायकांना आपण दुपारी चारला बोलावतो.

शनिवारपेठकर
हे मात्र लागलं. बरं, मान्य, सगळंच पंधरा मिनिटांत नको. पण नाच कमी करा यावरून मी हटणार नाही.

रीळवाला, कोथरूड
नाचाबद्दल माझं भांडण कधीच नव्हतं, तुम्हीच ते ओढून आणलंत. आणि निकाल आधी जाहीर करायलाही माझी ना नाही, त्यात लपवण्यासारखं काय आहे. फक्त नाचाची कापलेली मिनिटं वेशभूषा, ध्वनी, संकलन यांना द्या, संध्याकाळी, लोक खुर्चीत बसलेले असताना.

सुईदोरा
आणि मॅडमना दोन वाक्यं बोलू द्या. त्या कागदावर लिहून घेऊन गेल्या होत्या, माइकच चालू नव्हता.