कर्नल ४.१४ वरून ६.६ वर आणलं, आता पॅनलचे एलईडी उलटे लागतायत

भोसरीचा_बोर्डवाला
मंडळी, कंपनीतल्या एका कंट्रोलरचं लिनक्स कर्नल नव्या आवृत्तीवर आणतोय. पॅनलवर सहा एलईडी, पीसीएफ८५७४ वर (पिना वाढवणारी चिप), म्हणजे आयटूसी या दोन तारांच्या बसवरून, आणि ड्रायव्हर कुणीतरी घरचाच लिहिलेला, लिहिणारा केव्हाच सोडून गेला. त्यात जीपीआयओ (कोडमधून ०-१ करायच्या पिना) नंबरवाला जुना इंटरफेस होता, म्हटलं हात घातलाच आहे तर सगळं जीपीआयओडी या नव्या इंटरफेसवर नेऊ, जुन्याचं वर्कक्यू (कामं मागाहून करायची रांग) पण उडवलं, कोड निम्मा झाला, खूश झालो. बूट केलं तर सहाच्या सहा पेटलेले! ब्राइटनेसमध्ये १ टाकला की विझतो, ० टाकला की लागतो. वर डीमेसगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) जीपीआयओलिबचा, म्हणजे कर्नलच्या जीपीआयओ कोडचा, लांबलचक इशाऱ्याचा ट्रेस. डीटीएसला (हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलला) हातही लावलेला नाही, वायरिंग तेच. काय झालं असेल?

सोल्डरवाला
जुन्या कोडमध्ये व्हॅल्यू लिहिताना ब्राइटनेसच्या आधी उद्गारचिन्ह (०-१ उलटं करणारं) आहे का बघ. असणारच. पीसीएफ८५७४ करंट सिंक (पिनमधून आत घेणं) चांगला करतो पण सोर्स (बाहेर देणं) नावालाच, शंभरेक मायक्रोअँप, म्हणून सगळे एलईडी व्हीसीसीकडून टांगतात आणि पिन ० झाली की लागतात. डीटीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह लो (पिन ० म्हणजे चालू) पहिल्यापासून लिहिलेलं असेल, पण जुने नंबरवाले फंक्शन तो फ्लॅग बघतच नव्हते, म्हणून त्या माणसाने कोडमध्ये उलटं केलं. जीपीआयओडी मात्र फ्लॅग पाळतं. आता दोनदा उलटं होतंय. उद्गारचिन्ह काढ. आणि पिन मागताना, म्हणजे गेट करताना, आउट_हाय दिलंयस ना, ते आउट_लो कर, तिथे लो म्हणजे "बंद", पिनचा व्होल्टेज नाही.
ट्रेस येतोय कारण आयटूसीवर झोपायला (काम होईपर्यंत थांबायला) लागतं आणि तू साधं सेट_व्हॅल्यू वापरलंयस, शेवटी कॅनस्लीप असलेलं घे.

रात्रपाळी
एवढं कशाला, सेट_रॉ_व्हॅल्यू_कॅनस्लीप वापरा की, ते फ्लॅग बघत नाही. एक शब्द बदलला की काम झालं, मी तसंच केलंय.

सोल्डरवाला
होतं खरं, पण उद्या हार्डवेअरवाल्याने मध्ये ट्रान्झिस्टर टाकला की परत सी फाइल उघडून बसा. उलटसुलट काय ते डीटीएसला कळू दे.

भोसरीचा_बोर्डवाला
उद्गारचिन्ह होतंच 🙏 दोन्ही केलं, सरळ लागतायत, ट्रेसही गेला. पण रन एलईडीला हार्टबीट ट्रिगर (एलईडी आपोआप लुकलुकवणारा) लावला की "शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक" येऊन बोर्ड अडकतो, हाताने १-० केलं तर काही नाही.

सोल्डरवाला
वर्कक्यू उडवलंस ना, तेच. ट्रिगर टायमरमधून येतो, तिथून ब्राइटनेस_सेट सरळ तुझ्या फंक्शनात शिरतं आणि तिथे झोपायची सोय नाही. जुनं परत आणू नको, ४.५ पासून ब्राइटनेस_सेट_ब्लॉकिंग आहे, फंक्शन त्यात दे आणि व्हॉइडच्या जागी इंट परत कर, वर्कक्यूचं एलईडी कोअर स्वतः बघतं.

कोड_नि_कटिंग
मला कळेना, घरचा ड्रायव्हर हवाच कशाला? कर्नलमधला लीड्स-जीपीआयओ हे सगळं करतो, झोपणाऱ्या पिनचं सुद्धा.

भोसरीचा_बोर्डवाला
लॅम्प टेस्टचं (सगळे एलईडी लावून बघायचं) बटण त्याच ड्रायव्हरमध्ये आहे हो, ते यूजरस्पेसमध्ये न्यायला साहेब तयार नाहीत.
बाकी ब्लॉकिंग चाललं, तासभर हार्टबीट चालू आहे. आता एकच, एलईडी नोंदवायच्या रजिस्टर फंक्शनचं नवीन _एक्स्ट वालं वापरलं तर एलईडीच्या नावापुढे "पॅनल:" लागलं आणि जुन्या स्क्रिप्टला फाइलच सापडेना.

सोल्डरवाला
त्या फंक्शनला देतोस त्या इनिट_डेटा स्ट्रक्चरमध्ये डिव्हाइसनेम भरलंयस. रिकामं ठेव, मग डीटीएसमधलं लेबल जसंच्या तसं येतं. लेबल आता जुनं मानतात, नवीन बोर्डला कलर आणि फंक्शन लिही, पण चालू स्क्रिप्ट मोडायला नको. आणि ते स्ट्रक्चर आधी शून्य करून घे, नाहीतर स्टॅकवरचा कचरा नाव म्हणून जाईल.

भोसरीचा_बोर्डवाला
शून्य केलेलं नव्हतं 😅 केलं. स्क्रिप्ट चालली, पॅच रिव्ह्यूला टाकतो.