पहिली सुरी घरी बनवायची आहे. हत्यारं कोणती घेऊ, मूठ कशाची बसवू?

तांबडापांढरा :
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. आईसाठी भाजी चिरायची सुरी स्वतःच्या हातानं बनवायची आहे, पातं साधारण १५ सेंटिमीटरचं. गच्चीवर टेबल, ड्रिल मशीन आणि छोटा ग्राइंडर आहे. ६ हजार बाजूला ठेवलेत. व्हिडिओत बघावं तो बेल्ट ग्राइंडरवर काम करतोय आणि तो या पैशात बसत नाही. हप्त्यावर घेऊ का? गॅरेजवाला ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा फुकट देतोय. मुठीसाठी शिसम, रंगीत रेझिन आणि सांबरशिंग यांत अडकलोय. शिंग द्यायला एक ओळखीचे तयार आहेत.

उद्यमनगर_फिटर :
भावा, हप्त्यावर काही घेऊ नकोस. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं आणि नवीन पोराच्या हातात मी अजून पहिली कानसच देतो. बेल्टवर चूक व्हायला एक क्षण पुरतो आणि खाल्लेलं लोखंड परत येत नाही. कानस सावकाश खाते, त्यामुळं आपण कुठं वाकडं चाललोय ते हाताला आधीच कळतं.

पैसा तीन ठिकाणी घाल. पहिला व्हाईस (काम घट्ट पकडायचा शिकंजा), ४ इंची आणि वजनदार. तो टेबलाला बोल्टनं आवळ, कारण व्हाईस हलला की कानस नाचते आणि पातं लाटेसारखं होतं. मग कानसी : १२ इंची बास्टर्ड (जाड दातांची), ८ इंची सेकंड कट (त्याहून बारीक दातांची) आणि मुठीच्या वळणाला एक अर्धगोल. नावाजलेल्या कंपनीच्याच घे. रस्त्यावरच्या स्वस्त कानसीचे दात दोन संध्याकाळींत बसतात. तिसरं म्हणजे पोलाद. हेक्सॉ, क्लॅम्प, १२० ते ६०० नंबरचा पॉलिश पेपर, गॉगल आणि मास्क उरलेल्यात बसतंय.

आता पाट्याबद्दल. पोलाद वाईट नाही, आपल्याकडचे लोहार ऊसतोडीचे कोयते त्याचेच करतात. पण त्यांच्याकडं भट्टी, ऐरण आणि घण मारणारा जोडीदार असतो, ते पाटा तापवून पातळ करतात. तू तेवढी जाडी कानसीनं उतरवणार? शिवाय वर्षानुवर्षं ओझं सोसलेल्या पाट्यात न दिसणारी चीर असू शकते, ती पाणी देताना, म्हणजे पातं तापवून तेलात बुडवून कडक करताना, उघडते आणि सगळी मेहनत वाया जाते. त्यापेक्षा सी-८० ची नवी पट्टी घे, अडीच मिमी जाड, आणि मऊच माग. कार्बन ०.८ टक्क्यांच्या आसपास, बाकी मिसळ फारशी नाही, त्यामुळं साध्या भट्टीतही नीट पाणी घेतं. स्टेनलेसच्या मागं आत्ता लागू नको. ४४०सी सारख्याला १००० अंशांच्या वर नेमकं तापमान धरावं लागतं, ते गच्चीवर जमायचं नाही.

धारेची कड मार्करनं रंगव. पट्टीच्या जाडीचंच, म्हणजे अडीच मिमीचं ड्रिल बिट आणि पट्टी सपाट फरशीवर ठेव आणि बिटच्या टोकानं कडेवर रेघ ओढ. मधोमध येते. पट्टी पालथी करून परत ओढ, मग दोन्ही बाजूंनी त्या रेघेपर्यंत उतरत ये. कानशीला खडू घास म्हणजे कीस दातांत अडकत नाही. दाब पुढं जातानाच द्यायचा, मागं येताना कानस उचलायची. आणि पाणी देण्याआधी धार काढायची नाही! कड अर्धा-पाऊण मिमी जाड ठेव, नाहीतर तेलात गेल्या गेल्या वाकते.

कागलचा_सुतार :
मुठीवर मी बोलतो. रेझिन दिसायला छान, पण ओल्या हातात घसरतं. मी बाभळीच्या बाजूनं आहे. घट्ट, चिवट, आणि कुदळ-कुऱ्हाडीच्या दांड्यांना आपल्याकडं पूर्वीपासून आहेच. शिसमही उत्तम. पण कोणतंही लाकूड पुरतं वाळलेलं हवं. आपल्या पावसाळ्यात ओलसर लाकडाची मूठ बसवली तर उन्हाळ्यात ती आकसते आणि पोलादाची कड हाताला टोचायला लागते. वखारीतला जुन्या दाराचा, पलंगाचा तुकडा मिळाला तर सोनं समज. शिसम आणि साग तेलकट असतात, चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोननं पुसून घे. शिसमाच्या भुशानं अंगाला खाज सुटते, श्वासालाही त्रास होतो, मास्क काढू नको. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात दे, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन.

दाजीपूर_वाट :
सांबरशिंगाचा विचार सोडून दे. सांबर, चितळ, आपल्या राधानगरीचा गवा, सगळे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात. शिंग आपोआप गळून पडलेलं असलं तरी घेणं-देणं गुन्हाच आहे. ज्यांच्याकडं आहे त्यांनाही सांग. शिंगच हवं तर पाळीव म्हशीचं चालतं, फक्त घासताना तापवू नको.

तांबडापांढरा :
मनापासून आभार. शिंग रद्द, बाभूळ पक्की. दोन शंका आहेत. पाणी घरी देऊ का शिरोलीत हीट ट्रीटमेंटवाल्याकडं? आणि मुठीची भोकं कधी पाडायची?

उद्यमनगर_फिटर :
भोकं पाणी देण्याआधी. नंतर साधं ड्रिल त्यात शिरणारच नाही. ४ मिमीची पितळी सळी घे आणि भोक किंचित सैल ठेव, म्हणजे अ‍ॅराल्डाइटला जागा राहते. जलद नको, सावकाश सुकणारं घे.

शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात देणार असलास तर पोलादाचा ग्रेड कागदावर लिहून दे आणि कडकपणा ५९-६० एचआरसी (रॉकवेल मापानं) सांग. एका पात्यासाठी कुणी भट्टी लावत नाही, दुसऱ्या कामाबरोबर घालतात, त्यामुळं थांबायची तयारी ठेव. घरी करणार असशील तर पातं चुंबकाला चिकटायचं थांबलं की अजून थोडं तापव आणि ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेल्या शेंगतेलात उभं बुडव, आडवं हलवू नको. शेजारी वाळूची बादली पाहिजेच. कडेवर कानस घसरली की पाणी चढलं. हाताला सोसेल इतकं गार झालं की लगेच २०० अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास, गार करून परत दोन तास. घरच्या ओव्हनच्या आकड्यावर विसंबू नको, आत वेगळा थर्मामीटर ठेव. पुढं घासताना पातं निळं पडलं की त्या जागचं पाणी उतरलं, म्हणून शेजारी पाण्याचं भांडं ठेव आणि सारखं बुडवत राहा.

पातं तयार झालं की मूठ लावण्याआधी फोटो टाक, धारेची रेघ सरळ आहे का बघून सांगतो.