अनुभव धागा: गेम मार्क बघून घ्यायचा की खप बघून?

मंडळी, परवा ऑफिसात डबा खाताना वाद झाला. एक जण म्हणाला जो जास्त खपतो तोच गेम चांगला, लोक उगाच पैसे घालतात का. दुसरा म्हणाला रिव्ह्यूत शंभरपैकी नव्वद असले की डोळे झाकून घे. मला दोन्ही पटलं नाही पण तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून हा धागा. ऐकीव नको, स्वतः खेळलेल्या गेमबद्दल लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. ओकामी. कॅपकॉमच्या क्लोव्हर स्टुडिओने २००६ मध्ये प्लेस्टेशन २ वर आणला, मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळ्यांच्या रिव्ह्यूंचे मार्क एकत्र करून सरासरी देणाऱ्या साइटवर, ९३, गेम ऑफ द इयरची बक्षिसं, आणि खप इतका कमी की गिनेस बुकात नोंद झाली, हे बक्षीस मिळालेल्यांत सगळ्यात कमी चाललेला गेम म्हणून. पुढच्या वर्षी स्टुडिओच बंद. मला यातलं काही माहीत नव्हतं, मी पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर एचडीवाला सेलमध्ये घेतला तो चित्रं आवडली म्हणून. आपण असतो पांढऱ्या लांडग्याच्या रूपातली सूर्यदेवी. बटण दाबलं की खेळ थांबतो, स्क्रीनचा कागद होतो आणि हातात शाईचा कुंचला येतो, आकाशात गोल काढला की सूर्य उगवतो, वाळलेल्या झाडाभोवती काढला की झाड फुलतं. माझा पहिला गोल वेडावाकडा आला तरी सूर्य उगवला, आणि शेजारी बसलेली माझी सहा वर्षांची लेक उठून टीव्हीपाशी गेली, बाबा मला काढू दे म्हणून. पुढचे दोन महिने आमच्या घरी सूर्य तीच उगवायची.

माझं म्हणणं एवढंच की खप म्हणजे खेळायच्या आधी मोजलेले पैसे, त्यात जाहिरात आली, आधीच्या भागाची पुण्याई आली, सुट्ट्यांचा सीझन आला. आणि मार्क देणाऱ्याला गेम बहुतेक वेळा फुकट मिळालेला असतो, लेख वेळेत द्यायचा असतो, त्यामुळे तो चाळीस तासांचा गेम चार दिवसांत उरकतो. लेकीसारखं दोन महिने रोज कोण खेळून मार्क देतं?

कृष्णाकाठ
दादा, मी कराडचा. २००६-०७ ला कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत तासाला १५ रुपये देऊन जीटीए सॅन अँड्रियास खेळायचो. मालकाने कुठून तरी एक कॉपी सीडी आणलेली, तीच आठ मशीनवर टाकलेली. माझा सेव्ह, म्हणजे जिथवर खेळलो ते साठवलेलं, चार नंबरच्या मशीनवर होता, तिथे कोणी बसलेलं असलं तर बाकीची मशीनं रिकामी असूनसुद्धा मी बाहेर कट्ट्यावर थांबायचो. एकदा विंडोज उडाली आणि सगळ्यांचे सेव्ह गेले, त्या दिवशी आम्ही पोरं खरोखर सुतक असल्यासारखी बसलेलो. आता हा गेम पीएस२ वरचा सगळ्यात जास्त खपलेला, मार्कही ९५, म्हणजे दोन्हीकडून वरचा नंबर, पण त्या कॅफेत दोन-तीन वर्षांत दोनशे तरी पोरं खेळली असतील आणि खप शून्य. मी नोकरी लागल्यावर ओरिजिनल विकत घेतला, ते पैसे द्यायचे राहिले होते.

ठाणे लोकल
माझा अनुभव उलटा आहे आणि अजून दुखतो. गेमचं नाव घेत नाही. दिवाळी बोनस आला त्या दिवशी ४००० रुपये भरून प्रीऑर्डर केला, म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरले, ट्रेलर बघूनच. पुलावरून गाडी नेली की गेम बंद पडायचा, दर वेळी त्याच पुलावर. मी ड्रायव्हर अपडेट करून बघितले, परत इन्स्टॉल केला, ९० जीबी परत उतरवला, त्यात पैसे परत मागायची मुदत संपली. आठवड्याने बातमी, विक्रीचा विक्रम. त्या विक्रमात माझे चार हजारही धरलेले आहेत. मी नापसंत केलेला गेम पसंत केलेल्यांत मोजला गेला, ही गोष्ट मला पटत नाही.

रात्रपाळी
मी गेम टेस्टिंगमध्ये आहे म्हणून लिहितो. मार्क म्हणजे नुसतं मत नसतं, त्याच्यावर लोकांचे पगार अडकतात. फॉलआउट न्यू वेगास, २०१०, बनवणारे ऑब्सिडियन. मेटाक्रिटिकला ८५ आले तर बोनस असं ठरलेलं, आले ८४. दहावीला एका मार्काने फर्स्ट क्लास हुकतो ना, तसं. मी तो गेम तीन वेळा संपवलाय, तिन्ही वेळा शेवट वेगळा झाला, कारण कोणाची बाजू घ्यायची ते तुमच्या हातात असतं. बग होते, खूप होते, पण लिखाण असं की वाळवंटातल्या एखाद्या साध्या दुकानदाराशी बोलतानाही आपण विचार करून उत्तर देतो.

आणि मार्क कशाचे ते पण बघत जा. सायबरपंक २०७७ चे पहिले रिव्ह्यू फक्त पीसीवरचे होते, तिथे ८६ मार्क, पीएस४ वर तोच गेम ५७. ८० लाख लोकांनी आधीच पैसे भरलेले, आणि डिसेंबर २०२० मध्ये आठवडाभरात सोनीने आपल्या स्टोअरवरून काढून टाकला. २०२३ च्या २.० अपडेटनंतर मी खेळलो, उत्तम आहे. आता ह्यातला कुठला आकडा त्या गेमचा म्हणायचा?

नागपूरची ताई
राजी कोणी खेळलंय का? आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्सवाल्यांचा. २०१७ ला किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून वर्गणी जमवायच्या साइटवर, पैसे जमले नाहीत, तरी त्यांनी सोडला नाही, २०२० ला आणला आणि गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकन मिळवलं. मार्क सत्तरच्या आसपास, आणि खरं सांगते, बरोबर आहेत. लढाई अडखळते, कॅमेरा हवा तिथे बघत नाही. पण गोष्ट सुरू होते राखीच्या जत्रेत, राक्षस येतात आणि राजीच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात. माझा भाऊ बंगळुरूला, त्या वर्षी लॉकडाउनमुळे राखीला येऊ शकला नव्हता. मी एकटीच खेळत होते. भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबलं की दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत गोष्ट सांगतात, मी प्रत्येक भिंतीपाशी थांबले, एकही सोडली नाही. संपल्यावर भावाला फोन केला, त्याला कळेना मी का रडतेय. सत्तर मार्क मान्य, पण नव्वदवाल्या कुठल्याच गेमने मला फोन करायला लावलेला नाही.

बिनकामाचा शनिवार
टायटनफॉल २. ऑक्टोबर २०१६, हा गोळीबाराचा गेम, आणि त्याच प्रकारचे दोन बडे गेम, एक आठवडा आधी बॅटलफील्ड १, एक आठवडा नंतर कॉल ऑफ ड्यूटी, दोघांच्या मध्ये चेंगरला. त्यात एक लेव्हल आहे, बटण दाबलं की जळून पडलेली प्रयोगशाळा क्षणात जुन्या चकचकीत काळात जाते, परत दाबलं की पुन्हा राख. आत्ता भिंत आहे, तेव्हा दार होतं, उडी मारताना हवेतच काळ बदलायचा. इतकं सुंदर मी दुसरीकडे बघितलं नाही. खप कमी झाला तो तारखेमुळे, गेममुळे नाही.

गावाकडून
आमच्याकडे सगळे बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला मोबाइल गेम. फुकट आहे, मग खप कसा मोजणार? माझी चार वर्षं त्यात गेलीत, एकही रुपया नाही दिला, मित्र मात्र सगळे तिथलेच.

धागाकर्ता
कृष्णाकाठ, कट्ट्यावर थांबायचं वाचून पोटात कालवलं. ठाणे लोकल, तुमचं म्हणणं मी उद्या डब्याच्या वेळी सांगणार आहे, खपवाल्याला त्याचंच उत्तर द्यायला हवं. ताई, राजी आत्ताच उतरवायला लावलाय. लेक विचारतेय त्यात काही काढायला मिळतं का. काढायला नाही, पण रांगोळीसारखी मंडलं फिरवून जुळवायला मिळतात म्हटल्यावर येऊन बसलीय.