मदत हवी आहे: बोअरच्या मोटारीला व्होल्टेज कमी पडतंय, केबल कुठली घालू?

खानापूर तालुक्यात शेत आहे, घरच्या मीटरपासून बोअर 180 मीटर. मोटार 2 एचपी सिंगल फेज, सबमर्सिबल, 200 फुटांवर सोडलीय. मीटर ते पॅनल 6 स्क्वेअर एमएम अॅल्युमिनियम केबल आहे आणि पॅनलपासून खाली 2.5 ची कॉपर फ्लॅट केबल. संध्याकाळी मोटार नुसती हूं हूं करते, उचलत नाही, मग पॅनल ट्रिप होतं.

मोटार चालू असताना मीटरला 212 आणि पॅनलला 191 व्होल्ट मिळाले, क्लॅम्प मीटरवर 12 अँपिअर. हिशोबही करून बघितला, जाणं-येणं धरून 360 मीटर, अॅल्युमिनियमचा विशिष्ट रोध 0.028 गुणिले 360 भागिले 6 म्हणजे केबलचा रोध 1.68 ओहम, गुणिले 12 म्हणजे साधारण 20 व्होल्ट, म्हणजे मोजलेल्याशी जुळतंय. कपॅसिटर नवे घातले, सगळे जॉइंट सोडवून परत आवळले, एक लग (वायरच्या टोकाचं धातूचं टर्मिनल) काळा पडला होता तोपण बदलला, फरक नाही. स्टॅबिलायझर लाव म्हणतात, पण केबल गरम होऊन वीज वाया जाणार ती जाणारच की, म्हणून ते मला पटत नाही.

16 स्क्वेअर अॅल्युमिनियम घातली तर माझ्या हिशोबानं ड्रॉप (केबलमध्ये कमी होणारं व्होल्टेज) साडेसात व्होल्टवर येतो, 10 च्या कॉपरलाही जवळपास तेवढाच, पण कॉपर बजेटात बसत नाही. थ्री फेजची सोय सध्या नाही.

मला नेमकं विचारायचंय ते हे, स्टार्टिंगला करंट चार-पाच पट जातो तर केबल 12 अँपिअरवर काढायची की स्टार्टिंगच्या करंटवर? आणि खालच्या 2.5 च्या केबलचे 10 व्होल्ट यातच धरून एकूण ड्रॉप किती टक्क्यांच्या आत ठेवायचा?