शाळेचं ग्रंथालय: अर्धवेळ ग्रंथपाल की नवी पुस्तकं? सल्ला हवा

आडवीओळ: शाळेत ४०० मुलं. ग्रंथालयाला कायम कुलूप, किल्ली गणिताच्या बाईंकडे. पालक समितीकडे यंदा एकाच गोष्टीपुरते पैसे आहेत: अर्धवेळ ग्रंथपाल किंवा नवी पुस्तकं. पूर्णवेळ परवडणार नाही. काय करावं?

बोरू: पूर्णवेळच नेमा, तोही प्रशिक्षित. मी २२ वर्षं शाळेत ग्रंथपाल होते. अर्धवेळ माणूस देवघेवीतच संपतो. माझं खरं काम वर्गशिक्षिकेबरोबर बसून चालायचं. प्रकल्पाचा विषय ठरला की मुलांना अनुक्रमणिका, सूची, दोन पुस्तकांतली उलटसुलट माहिती कशी पडताळायची हे शिकवायचे. युनेस्कोच्या १९९९ च्या शालेय ग्रंथालय जाहीरनाम्यात हेच आहे.

खडूफळा: +१, पूर्णवेळच. अर्धवेळ म्हणजे धड ना इकडे ना तिकडे.

टिचकी: आधी कोहा बसवा. ग्रंथालयाच्या नोंदींचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे, २००० सालापासून वापरात आहे. आमच्या शाळेतली सगळी पुस्तकं मी एकट्याने दोन सुट्ट्यांत चढवली!

जुनीवही: आमच्याकडे बारकोड केले, स्कॅनर बिघडला आणि दोन महिने एक पुस्तक बाहेर गेलं नाही. नोंदवहीच बरी.

टिचकी: वर्षभरात कुठलं पुस्तक कुणीच नेलं नाही, हे नोंदवही सांगते का?

जुनीवही: धूळ सांगते. आणि पुस्तकं विषयवार लावायचे ते ड्यूईचे आकडेही नकोत. १८७६ ची पद्धत, लहान मुलांना काय कळणार? रंगीत पट्ट्या लावा.

बोरू: चौथीतली मुलं ५०० च्या कपाटाकडे न विचारता विज्ञान शोधत जायची. मुलांना कमी लेखू नका.

पानगळ: पुस्तकं घेण्याआधी जुनी काढा. आमच्या खोलीत अजून नऊ ग्रहांची पुस्तकं होती, प्लूटो २००६ मध्येच बटुग्रह ठरला. फाटकी, कालबाह्य काढल्यावर कपाटं निम्मी झाली आणि मुलं जास्त पुस्तकं नेऊ लागली. आधी दिसतच नव्हती.

खडूफळा: अमेरिकेत कोलोराडोत १९९३ साली अभ्यास झाला होता. ग्रंथालयात माणसं आणि पुस्तकं जास्त, तिथे मुलांचे गुणही जास्त, वस्तीची आर्थिक स्थिती हिशेबात धरूनही. म्हणून म्हणतो, पूर्णवेळ.

पानगळ: तो सहसंबंध आहे, कारण सिद्ध होत नाही. तरी माणूस हवाच, हे मलाही पटतं.

आडवीओळ: सगळ्यांचे आभार. तरीही अर्धवेळच नेमतोय. बोरूताईंचं वाचून एक अट घातली: ग्रंथपालांनी देवघेव करायची नाही. ती मधल्या सुट्टीत नववीची मुलं वहीवर करतील. ग्रंथपालांचे सगळे तास वर्गशिक्षकांबरोबर. पहिला आठवडा काढाकाढीला. किल्ली काल बाईंकडून घेतली.

बोरू: अर्धवेळ मला अजून पटत नाही. पण त्यांना बदली तासाला पाठवायचं नाही, हे आत्ताच लेखी घ्या.