चार-पाच महिने बंद राहणारं कोकणातलं घर – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात देवरुखजवळच्या एका वाडीत आम्ही जुनं कौलारू घर घेतलं. चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, मागे विहीर, सात पोफळी आणि जूनमध्ये आम्ही लावलेली हापूसची चार कलमं. ग्रामपंचायतीत नमुना ८ वर नाव लागेपर्यंत गणपती आले. आता कुठे रात्री अंधारात न चाचपडता बटण सापडायला लागलंय, तर कार्तिकी एकादशी झाली की आम्ही दोघं ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमेला निघणार. ते दहा वर्षांपासून ठरलेलं. घरच मध्ये उपटलं! आमचे हे चार महिने म्हणतात, मी पाच धरलेत. मैया उजव्या हाताला ठेवून चालायचं, पात्र ओलांडायचं नाही. वाटेतल्या शूलपाणीच्या झाडीतून, म्हणजे जंगलातून, मी 'जरा घर बघून येते' म्हणून थोडीच परतणार आहे?

सॅक, बूट याबद्दल भरपूर सल्ले मिळालेत. अडलंय ते घरापाशी.

माजघराच्या चौकटीवर वाळवीची, मातीची बोटभर रुंद रेघ दिसली. खरवडली, आठ दिवसांत पुन्हा हजर. वाडीतले म्हणतात काजूच्या टरफलाचं तेल लावा, दुकानदार क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक देतो. बंद घरात वास कोंडणार नाही ना? कुणी स्वतः काय वापरलंय?

वायरमन म्हणतो, जाताना मेन स्विच बंद करा. मग पंप कसा चालणार? कलमांचा पहिलाच उन्हाळा आहे. पाण्याची मडकी मुळांशी पुरून भागेल का? पोफळींना तर तेवढ्याने काहीच होणार नाही.

शेजारच्या वहिनी म्हणतात, "मी शिंपीन, सांजेला दिवापण लावीन." पण पैशांचा विषय काढला की रागावतात. पाच महिने रोजचं शिंपणं कुणाकडून फुकट कसं करून घ्यायचं? यंदाची सगळी सुपारी तुमची, असं म्हटलं तर चालेल की तेही वाईट दिसेल? गावात राहणाऱ्यांनी कृपया हे आधी सांगा.

आणि हो, मागचा सडा (कातळावरचं गवताळ माळरान) फेब्रुवारीत वाळून कोळ होतो म्हणे. वणव्यासाठी घराभोवती किती फुटांपर्यंत गवत काढून ठेवू? माकडांनी कौलं सरकवली तर वहिनींचा मुलगा चढेल म्हणतोय, त्यामुळे तेवढी एक काळजी मिटली.