कोचिंग सेशनमध्ये बोलणं भरकटलं की कोणता प्रश्न विचारावा?

रेघोटी:
४५ मिनिटांचं सेशन (शिकवणीचं नव्हे; प्रश्न विचारून क्लायंटला स्वतःचा मार्ग शोधायला मदत करायची, ते कोचिंग). विषय ठरतो, 'टीमला कामं सोपवायला जमत नाहीत'. दहा मिनिटांत गाडी साहेबांच्या स्वभावावर, तिथून पगारवाढीवर, तिथून घरच्यांच्या नाराजीवर. थांबवलं तर क्लायंट मिटतो, नाही थांबवलं तर शेवटी हाती काहीच लागत नाही. 'मूळ विषयाकडे वळूया का?' म्हटलं की 'हो हो, सॉरी' येतं आणि पाच मिनिटांत पुन्हा तेच. प्रश्न नेमका कसा टाकावा, आणि कधी?

धागादोरा:
खोट बहुधा पहिल्या पाच मिनिटांत असते. विषय ठरला, पण या सेशनमधून काय घेऊन उठायचं ते ठरलं नाही. मग परत आणायचं तरी कुठे? इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचच्या जागतिक संघटनेच्या ८ मूलभूत क्षमतांपैकी तिसरी याच ठरवण्याबद्दल, म्हणजे क्लायंटशी होणाऱ्या कराराबद्दल आहे, आणि तिच्यात करार करण्याइतकाच तो टिकवण्यावरही भर आहे.

सुरुवातीला विचारा: 'आज उठताना तुमच्या हातात काय असायला हवं?' आणि मग, 'ते मिळालं हे कशावरून कळेल?' उत्तर 'जरा स्पष्टता हवी' असं आलं तर पुढे जाऊ नका. 'ती आली तर सोमवारी सकाळी काय वेगळं कराल?' असं विचारलं की ठोस काहीतरी निघतं: 'कोणती दोन कामं कुणाला द्यायची ते ठरवायचंय.' हे वाक्य जसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. 'मूळ विषय' हा शब्द तुमचा आहे. वर्गात 'लक्ष कुठे आहे?' म्हटल्यासारखा तो ऐकू येतो, म्हणून सॉरी येतं.

अर्धविराम:
वरच्याशी सहमत. मध्ये बोलण्याची परवानगीही तेव्हाच मागून घ्या, म्हणजे नंतर टोचत नाही. बोलायचं ते वाक्य संपून श्वास घेतला जातो त्या फटीत. आधी ऐकलेलं एका ओळीत परत द्या, मग लिहिलेलं वाक्य, मग प्रश्न:

'साहेब प्रत्येक मेल स्वतः तपासतात, त्याचा जाच होतोय. आपण दोन कामं कुणाला द्यायची ते ठरवायला बसलोय. या दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध दिसतो?'

'वळूया का?'ला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं, आणि भिडेखातर हो येतं. 'काय संबंध?'ला विचार करावा लागतो. कधी कळतं की साहेब चुका काढतील या भीतीनेच कामं दुसऱ्याच्या हाती सोपवली जात नाहीत. म्हणजे ते भरकटणं नव्हतंच! संबंध नसेल तर क्लायंट आपणहून परत येतो. नवा विषयच मोठा निघाला तर 'उरलेली २५ मिनिटं कशाला द्यायची?' असं विचारा, निवड त्यांची, आणि वाक्य खोडून नवं लिहा. दोन्ही विषय अर्धे अर्धे नकोत.

खडूफळा:
बोलणं अनेकदा कोचच भरकटवतो, हे कुणी म्हणत नाही. 'मग साहेब काय म्हणाले?' हा प्रश्न तुमच्या कुतूहलाचा आहे. त्याचं उत्तर क्लायंटला आधीच ठाऊक आहे, त्यातून नवं काही सुचत नाही, फक्त गोष्ट लांबते. 'का नाही दिलं?' विचारलं की माणूस स्वतःची बाजू मांडत बसतो. 'देताना काय आड येतं?' विचारा. दोन प्रश्न एका दमात विचारले तर सोप्याचंच उत्तर मिळतं. आणि विचारल्यावर गप्प राहा. मनात दहा आकडे मोजा, पण स्वतःच पर्याय पुरवू नका.

विसाव्या मिनिटाला लिहिलेलं वाक्य वाचून 'याच्या किती जवळ आलोय?' एवढं विचारलं तरी पुष्कळ सावरतं. शेवटची ८-१० मिनिटं पुढच्या पावलासाठी राखलेलीच हवीत.

रेघोटी:
आणि घरचं सांगताना आवाज दाटला तर? तिथेही वाक्याकडे आणायचं?

अर्धविराम:
नाही. तेव्हा 'आत्ता काय होतंय?' एवढंच, तेही हळू आवाजात. सावरल्यावर 'इथेच थांबायचंय की पुढे जायचंय?' हे त्यांना ठरवू द्या. तेच दुःख सेशनमागून सेशन वर येत असेल, झोप-जेवणावर परिणाम दिसत असेल, तर ते कोचिंगचं काम नाही. समुपदेशकाकडे जाण्याबद्दल तेव्हा सरळ, मोकळेपणाने बोलावं.